गोष्ट पोटात ठेवणारी माणसं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात क्षयरुग्णांना पोषण आहाराची किटं वाटण्याचा कार्यक्रम झाला. ग्रामपंचायतीचं सभागृह, मागे फ्लेक्स, पुढे टेबलावर पिशव्यांची रांग. तूरडाळ, शेंगदाणे, तेल, गूळ. माइकवरून एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. विशीतली एक मुलगी नाव ऐकून उठली, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली आणि पिशवीचा एक बंद धरून उभी राहिली. दुसरा बंद देणाऱ्यांच्या हातात, कारण फोटो निघायचा होता. फोटो काढणाऱ्यानं ओढणी खाली घ्यायला सांगितली. तिनं घेतली. संध्याकाळपर्यंत तो फोटो तीन गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता, खाली नावांसकट. त्या मुलीला थुंकी तपासायला नेणारी, घरी बसून गोळ्यांची माहिती सांगणारी स्वयंसेवक मीच होते. "ये गं, काही होत नाही" असं म्हणून तिला कार्यक्रमाला बोलावणारीही मीच.

त्यानंतर आमच्या ओळखीच्या कार्यकर्त्यांमध्ये जो वाद रंगला, तो ऐकून मला फोटोइतकंच वाईट वाटलं. एक बाजू म्हणत होती, टीबी म्हणजे काय पाप आहे का? लपवाछपवी केली की कलंक वाढतो, उघडपणे बोललं पाहिजे. दुसरी बाजू म्हणत होती, म्हणूनच असल्या बिनपगारी, बिनशिक्षणाच्या लोकांच्या हाती रुग्णाची माहिती देऊ नये. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, त्यांनी बघावं. पहिल्या बाजूला रुग्णाच्या परवानगीची गरज वाटत नव्हती आणि दुसऱ्या बाजूला स्वयंसेवकाचीच गरज वाटत नव्हती. मला दोन्ही मान्य नाही. माझं म्हणणं असं आहे की आरोग्याची माहिती देणाऱ्या स्वयंसेवकाला गोपनीयतेचा नियम डॉक्टरपेक्षा जास्त कडक लागू झाला पाहिजे, आणि तो पाळता येईल अशी सोय करून देणं हे त्याला कामाला लावणाऱ्यांचं कर्तव्य आहे.

डॉक्टरपेक्षा जास्त का? डॉक्टर तालुक्याला राहतो. त्याला रुग्णाचा आजार कळतो, पण त्याच्या बहिणीचं लग्न कुठे ठरतंय ते कळत नाही. मला कळतं. मी त्याच विहिरीवर पाणी भरते, त्याच लग्नात पंगतीला बसते, हळदीकुंकवाला तिच्या सासूशेजारी बसते. डॉक्टरच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली तर ती हवेत विरूनही जाईल. माझ्या तोंडून पडली तर ती नेमक्या त्या घरी पोचेल जिथे पोचायला नको. जवळीक हेच स्वयंसेवकाचं बळ आहे, म्हणून तर त्याला नेमतात. मग त्या जवळिकीतून होणाऱ्या नुकसानीचा हिशेबही त्याच मापानं नको का व्हायला?

पहिला आक्षेप नेहमी हाच येतो की ही गोपनीयता वगैरे बाहेरून आलेली शहरी कल्पना आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं. हे खरं नाही. चरकसंहितेच्या 'विमानस्थान' या भागात शिष्याला वैद्यकी शिकवण्याआधी आचार्य जी शिकवण देतो, तिच्यात रुग्णाच्या घरात पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत असं स्पष्ट सांगितलेलं आहे. आणि पोथी राहू द्या. आपल्या गावातली सुईण आठवा. कोणाचं मूल कोणत्या महिन्यात आलं, कोणती बाई काय प्यायली आणि का, हे सगळं तिला ठाऊक असायचं. तिला कोणी शपथ दिली नव्हती. तरी "तिच्या पोटात गोष्ट राहते" एवढ्या एका वाक्यावर तिला चार वाड्यांतून बोलावणं यायचं, आणि जिच्या पोटात राहत नाही तिला दुसऱ्यांदा कोणी दारात उभं करत नसे. गोष्ट पोटात ठेवणं हा शब्दप्रयोग आपण दुसऱ्या कोणाकडून आणलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "गावात कसलं आलंय गुपित? सगळ्यांना सगळं माहीत असतं." हे मी नाकारत नाही. त्या मुलीला काहीतरी झालंय हे शेजारच्या बायकांना फोटोच्या आधीच दिसत होतं. वजन उतरलं होतं, रात्रीचा खोकला भिंतीपलीकडे ऐकू जायचा. पण अंदाज आणि खात्री यांच्यामध्ये एक जागा असते आणि गावातला माणूस त्या जागेत जगत असतो. "म्हणे छातीत कफ झालाय" असं म्हणण्याची मुभा तिच्या आईला होती, आणि ते ऐकून मान हलवण्याची मुभा शेजारणीला होती. दोघींनाही खरं काय ते कळत असेल, तरी त्या मुभेवर शेजार टिकून होता. स्वयंसेवकाच्या शब्दानं किंवा फ्लेक्सपुढच्या फोटोनं ती मुभा संपते, कारण आम्ही बोललो की अफवेवर शिक्का बसतो. लोक म्हणतात, "अहो, ताईच म्हणाल्या." कुजबुज तर आधीपासूनच होती, मग मी बोलले तर काय झालं, असा बचाव करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यानं आपल्या शब्दाची ही किंमत ओळखावी.

मग संसर्गाचं काय? शेजाऱ्यांना स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क नाही का? हा सगळ्यांत जोरदार मुद्दा आहे आणि त्याला झटकून टाकणारे लोक गोपनीयतेचंच नुकसान करतात. क्षयरोग हवेतून पसरतो. घरातल्या, रोजच्या सहवासातल्या माणसांची तपासणी झालीच पाहिजे, लागेल त्याला प्रतिबंधक औषध मिळालंच पाहिजे. म्हणूनच २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि ते बरोबरच आहे. पण नोंद कोणाला कळवायची आहे? आरोग्य यंत्रणेला. ग्रामपंचायतीच्या ग्रुपला नाही. ज्यांना धोका आहे त्यांची यादी बहुतेक वेळा एका घरात मावते, फार तर एका वर्गखोलीत किंवा कारखान्याच्या एका पाळीत. शिवाय योग्य औषध सुरू झालं की साध्या टीबीच्या बहुतेक रुग्णांपासून काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप कमी होतो. म्हणजे गाव सावध करायचं तर रुग्ण औषधावर आला पाहिजे आणि औषधावर टिकला पाहिजे. तो टिकणार कोणाच्या भरवशावर? फोटोनंतर ती मुलगी उपकेंद्रात यायची थांबली. तिची आई माझ्या दारावरून जाताना मान दुसरीकडे करू लागली. आता सांगा, गाव जास्त सुरक्षित झालं की कमी?

आपल्याला हे १८९७ सालीच कळायला हवं होतं. त्या वर्षी पुण्यात प्लेग आला आणि रँडच्या प्लेग कमिटीनं रुग्ण शोधायला गोरे सोजीर घराघरांत घुसवले. सामान रस्त्यावर आलं, जाळलं गेलं, रुग्ण इस्पितळात आणि बाकीचं घर छावणीत. हेतू रोग आटोक्यात आणण्याचा होता, हे मान्य करू. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं लपवू लागले, मयतंसुद्धा लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, ते आपण शाळेत शिकतो. पण लपवलेल्या रुग्णांचा धडा आपण कधी गिरवला नाही. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणलं, आणि त्याच लागणीनं १० मार्चला त्या गेल्या. बंदुकीच्या दस्त्यानं ठोठावलेलं दार आणि ओळखीच्या बाईनं हाक मारलेलं दार यांत रोग एकच होता. आज आरोग्य स्वयंसेवक म्हणवणाऱ्यांनी आपण कोणत्या दारावर कसे उभे आहोत हे एकदा तपासावं.

आणखी जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमानं रक्तदान करायचा. १९८९ मध्ये तपासणीत त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि काय घडतंय हे त्याला कोणी नीट सांगण्याआधी पोलिसांनी त्याला उचललं. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवलं. त्याची गोष्ट त्याच्या आधी इतरांना कळली होती. दान करायला गेलेला माणूस कैदी होऊन परतला, तर पुढचा दाता पुढे येईल का, पुढचा माणूस तपासणीला जाईल का? नंतर डॉमिनिकनं उघडपणे बोलायचं ठरवलं, स्वतःसारख्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. "उघड बोला, कलंक जाईल" असं म्हणणारे त्याचं नाव आवर्जून घेतात. घ्यावंच. पण त्याचं बोलणं त्याचं होतं. त्याआधी जे झालं ते त्याच्यावर लादलेलं होतं. एका माणसाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या आणि त्यांतला फरक कोणालाही दिसेल इतका ढळढळीत आहे.

म्हणूनच कलंकाच्या मुद्द्यावर मी पहिल्या बाजूशी अर्ध्या वाटेपर्यंत जाते. लपवण्यानं लाज वाढते, खरं आहे. बरे झालेले रुग्ण व्यासपीठावर उभे राहून बोलतात तेव्हा त्याचा जो परिणाम होतो तो माझ्या दहा भाषणांनी होत नाही, हेही मी पाहिलंय. पण ती माणसं कधी बोलायला लागली? औषध पूर्ण झाल्यावर, नोकरी टिकल्यावर, घरच्यांनी जवळ केल्यावर. पायाखाली जमीन आल्यावर माणूस उभा राहून बोलतो. ज्या मुलीचं अजून औषध चालू आहे, बापाची मजुरी दिवसाच्या दिवसाला आहे, लग्नाची बोलणी चालू आहेत, तिच्या खांद्यावर समाजसुधारणेचं ओझं कोणत्या हक्कानं ठेवायचं? आपल्याला कलंक घालवायचा असेल तर ज्यांचं काही बिघडणार नाही त्यांनी आधी बोलावं. किती पुढाऱ्यांनी, किती साहेबांनी आपल्या घरातला टीबी माइकवरून सांगितलाय?

फोटोच्या बाजूनं आणखी एक व्यवहारी मुद्दा येतो: पुरावा. किट खरंच मिळालं का, मध्ये कोणी खाल्लं नाही ना, देणाऱ्याला दाखवायचं काय? मला हा मुद्दा हलका वाटत नाही. गरिबाच्या नावावरचं धान्य कुठे कुठे जातं हे आपण सगळे जाणतो. पण चेहरा हा पुरावा कधीच नव्हता. रजिस्टरवर सही किंवा अंगठा असतो, निक्षय या सरकारी टीबी-नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक असतो, वरिष्ठांनी चार घरी जाऊन विचारता येतं. देणाऱ्याला भरलेल्या पिशव्यांचा फोटो पाठवता येतो. रुग्णाला दत्तक घेणाऱ्या निक्षय मित्रांच्या योजनेतही रुग्णाची संमती आधी घ्यायची असते. ती कागदावर असते. मग "सगळे येतायत, तूही ये" या वाक्याला आपण संमती म्हणायची का? डाळतेलाची पिशवी समोर असताना नाही म्हणण्याची ताकद किती जणांत असते? मी त्या मुलीला नाही म्हणायची जागाच ठेवली नव्हती, हे मला नंतर कळलं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, जी स्वयंसेवकच नको म्हणते. त्यांच्या भीतीत तथ्य आहे. आमच्यापैकी काहीजण अर्धवट माहितीवर सल्ले देतात, एका रुग्णाचा अनुभव दुसऱ्याला औषध म्हणून सांगतात, "कोणाला सांगू नका हं" म्हणत सांगून टाकतात. पण आमच्याशिवाय ती माहिती पोचणार कशी? रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं की लघवी लालसर होते. ते पाहून घाबरून गोळ्या बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि "हे होणारच, घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर लगेच डॉक्टरकडे चला" एवढं सांगितल्यावर पुन्हा सुरू केलेलीही. त्याच रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हे किती बायकांना कोणी सांगतं? सासूच्या नकळत माला-एन घेणारी सून ओपीडीच्या रांगेत, नवरा शेजारी उभा असताना डॉक्टरला ते सांगेल का? ती सांगेल अंगणात, तांदूळ निवडताना, आवाज खाली करून, आणि तेही ज्या बाईबद्दल तिला खात्री आहे तिलाच. मग मी तिला डॉक्टरसिस्टरशी एकटीला गाठ घालून देऊ शकते, जेणेकरून दुसरा उपाय वेळेत ठरेल. पण आधी ते माझ्या कानावर यायला हवं.

डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या दोन गावांच्या अभ्यासाची आठवण इथे होते. तो १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना एखादं तरी स्त्रीरोगाचं दुखणं निघालं आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. एवढं दुखणं घराघरांत होतं आणि कुठेच पोचलं नव्हतं. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडेही लोक असेच प्रश्न घेऊन यायचे, जे घरच्या डॉक्टरला विचारायची छाती होत नव्हती. वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. माणूस आपलं दुखणं अशा माणसाजवळ नेतो जिथून ते चव्हाट्यावर जाणार नाही असं त्याला वाटतं. त्याच्या भिंतीवर पदवी टांगलेली आहे का, हे तो नंतर बघतो.

कायद्यानंही आता हे ओळखलं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा विश्वासानं सांगितलेली एचआयव्हीची माहिती उघड करायला मनाई करताना "कोणतीही व्यक्ती" म्हणतो, फक्त डॉक्टर म्हणत नाही. जोडीदाराला सांगण्याची जी मुभा आहे ती ठरावीक अटींवर डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे. "तिच्या भल्यासाठी मीच सांगितलं" असं म्हणणाऱ्या स्वयंसेवकाला नाही. करोनाच्या काळात रुग्णांच्या नावापत्त्यांच्या याद्या मोबाइलवर फिरल्या, दारांवर कागद चिकटले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय घरांवर असे फलक लावू नयेत. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गोपनीयता म्हणजे काहीही झालं तरी तोंड मिटून बसणं, असं मात्र कोणी समजू नये. इथे माझ्या बाजूचे लोकही घोळ घालतात. अठरा वर्षांखालच्या मुलावर-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं ते कळवणं कोणावरही बंधनकारक आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव कळवण्यातून सूट दिली, ती नोंदणीकृत डॉक्टरला. तुम्हाआम्हाला त्या निकालाचा आधार नाही. कोणी जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल तर रात्रभर ते एकट्यानं पोटात ठेवणं धोक्याचं आहे. तेव्हा प्रामाणिक मार्ग एकच, मर्यादा आधी सांगायची. "तुझी गोष्ट माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कुठल्या पोराच्या जिवावर बेतत असेल तर मला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन." हे वाक्य बोलण्याच्या सुरुवातीला म्हणायचं असतं. शेवटी म्हटलं तर तो विश्वासघात होतो.

आणि हे सगळं करायचं कोणी? आशाताईंनी. २००५ पासून सरकार त्यांना स्वयंसेविका म्हणतं, कामागणिक मोबदला देतं आणि काम मात्र पूर्ण वेळेचं घेतं. एका आशाताईच्या घरी गेले होते. तिची वही टीव्हीवर ठेवलेली, वर चार्जरची वायर. वहीत गरोदर बाया, टीबीचे पेशंट, कॉपर-टी बसवलेल्यांची नावं, आडनावांसकट. मोबाइल एकच, त्यावर मुलगा गेम खेळतोय आणि मधूनच वरून रिपोर्ट मागणारे मेसेज पडतायत, "फोटोसह पाठवा". या बाईला गोपनीयतेवर तासाभराचं व्याख्यान देऊन काय साधणार आहे? तिला कुलूप लागेल असा एक कप्पा द्या, कामाचा वेगळा फोन द्या, ग्रुपवर रुग्णाचं नाव टाकायला वरूनच बंदी घाला आणि ती मोडणाऱ्या साहेबालाही जाब विचारा. स्वयंसेवकाकडून डॉक्टरपेक्षा कडक नियमाची अपेक्षा मी करते तेव्हा ही सोय मी त्यातच धरलेली आहे. नियम खाली ढकलायचा आणि फोटो वर मागायचे, हे एकत्र चालणार नाही.

त्या मुलीकडे मी चार वेळा गेले. तीन वेळा आईनं दारातूनच "झोपलीय" सांगितलं. चौथ्या वेळी ती स्वतः बाहेर आली. मी माफी मागितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, गोळ्या दुसऱ्या तालुक्यातून घेता येतील का, मावशीकडे राहून. मी म्हटलं, येतील, नाव तिकडे बदलून घेता येतं, मी बोलते. "तुम्ही नको," ती म्हणाली, "मला फक्त कुठे जायचं ते सांगा." मी कागदावर केंद्राचं नाव, वार आणि वेळ लिहून दिली. तिनं तो कागद वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि आत गेली.